मधले शब्द

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एक गणित कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच. मराठीत मांडलं तर ते असं: एका हलक्या, न ताणल्या जाणाऱ्या दोरीच्या दोन टोकांना अ आणि ब हे ठोकळे बांधले आहेत. त्यांची वस्तुमानं अनुक्रमे ४ आणि ६ किलोग्रॅम आहेत. दोरी एका गुळगुळीत कप्पीवरून गेली आहे. ठोकळे स्थिर स्थितीतून सोडले, तर त्वरण किती आणि दोरीतला ताण किती? गुरुत्वत्वरण १० धरलं तर त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं आणि ताण ४८ न्यूटन.

अहमदपूरचं, गंगाखेडचं, किनवटचं मराठी माध्यमातलं हुशार लेकरू हे गणित समजून घेऊन सोडवतं. तेच इंग्रजीत छापून समोर आलं की पेन थांबतं. कुठं थांबतं ते जरा जवळ बसून पाहावं. 'पुली'वर थांबत नाही. 'ॲक्सेलरेशन'वर तर नाहीच, तो शब्द क्लासच्या पहिल्या आठवड्यातच शंभरदा कानावरून गेलेला असतो. ते थांबतं 'लाइट इनएक्स्टेन्सिबल स्ट्रिंग'वर, 'स्मूद'वर, 'रिलीज्ड फ्रॉम रेस्ट'वर आणि 'रिस्पेक्टिव्हली'वर.

यातले निम्मे शब्द त्याला येतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. लाइट म्हणजे उजेड, स्मूद म्हणजे मऊ, रेस्ट म्हणजे आराम, असे त्याने पाठ केलेले असतात. इथं लाइट म्हणजे दोरीचं वस्तुमान शून्य धरा. स्मूद म्हणजे घर्षण शून्य धरा. फ्रॉम रेस्ट म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य धरा. तीन साध्या शब्दांत तीन शून्यं दडलेली आहेत. 'इनएक्स्टेन्सिबल' हा चौथा शब्द सांगतो की दोन्ही ठोकळ्यांच्या त्वरणाची किंमत सारखीच येणार. ही चार वाक्यं हातात नसतील तर समीकरण मांडताच येत नाही. मग घरी निरोप जातो, 'पोराचं फिजिक्स कच्चं आहे.' फिजिक्स कच्चं नसतं.

कॉलेजच्या उंबरठ्यावर लागणाऱ्या इंग्रजी शब्दांचे तीन ढीग करता येतात. पहिला रोजच्या वापरातला: घर, जाणं-येणं, मोठं-लहान. दुसरा त्या त्या विषयाचा खास: मायटोकाँड्रिया, व्हॅलन्सी, टॉर्क. हा ढीग भीतिदायक दिसतो, पण त्याची काळजी शिक्षक घेतात. व्याख्या फळ्यावर येते, आकृती येते, परीक्षेतही विचारतात. तिसरा ढीग मधल्या शब्दांचा. ॲझ्यूम, डिराइव्ह, इन्फर, कॉरस्पाँड, कॉन्स्टंट, इनिशियल, ॲडजेसंट, रँडम, प्रपोर्शन, हेन्स. हे कुठल्याच विषयाचे नाहीत म्हणून सगळ्या विषयांत असतात, आणि कुठल्याच शिक्षकाच्या वाट्याला येत नाहीत. इंग्रजीच्या सरांना वाटतं हे विज्ञानाचे शब्द, विज्ञानाच्या मॅडमना वाटतं हे इंग्रजीचे.

या मधल्या ढिगाची मोजदाद झालेली आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा विद्यापीठीय मजकूर तपासून २००० साली ५७० शब्दकुळांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. विषय कुठलाही असो, अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या ५७० कुळांचा असतो. यादी दहा गटांत लावलेली आहे, जास्त वापराचे शब्द आधी. पहिल्या नऊ गटांत प्रत्येकी ६०, शेवटच्यात ३०. सामान्य वापरातले सुमारे २,००० शब्द या यादीतून मुद्दाम वगळले आहेत, आणि ते वगळण्यासाठी वापरली ती मायकेल वेस्ट यांची १९५३ची यादी. हे वेस्ट ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं याच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. थोडे पण नेमके शब्द आधी द्यावेत, हा विचार आपल्यासारख्याच वर्गखोल्यांमध्ये वाढलेला आहे.

५७० हा आकडा मला फार दिलासा देणारा वाटतो. रोज ६ शब्द, आठवड्यातले ५ दिवस, म्हणजे ३०. १९ आठवड्यांत यादी संपते. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो. तिथून आठ दिवस झोप काढून सुरुवात केली तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम होतं.

मराठवाड्याला शिकण्याची भाषा बदलणं नवीन नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमातून, आणि विज्ञानाच्या परिभाषेसाठी तिथं स्वतंत्र भाषांतर विभागच होता. इथल्या एका पिढीने त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणत भूमिती केली. १९४८नंतर मराठी आली. आता दहावीपर्यंत मराठी आणि अकरावी सायन्सला इंग्रजी. सेमीच्या वर्गातल्या मुलांना हा उतार थोडा सौम्य मिळतो, बाकीच्यांना एका उन्हाळ्यात उडी मारावी लागते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे खरं. पण लातूर-नांदेडच्या क्लासमधल्या नोट्स, टेस्ट सिरीज, जाडजूड प्रश्नसंच सगळं इंग्रजीत असतं, म्हणून बहुतेक जण पेपरही इंग्रजीतूनच देतात. २०२५च्या नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं होती. मिनिटाला एक प्रश्न, चुकला तर एक गुण वजा. वाक्य दोनदा वाचावं लागणं तिथं परवडत नाही.

आणि आता जे सांगायचं आहे ते मुख्य. मराठी माध्यमाच्या लेकराकडे हे मधले शब्द नाहीत, असं जे म्हणतात ते खरं नाही. ते त्याच्याकडे मराठीत आहेत, आणि पक्के आहेत. 'अनुक्रमे' त्याने गणिताच्या पुस्तकात कितीदा वाचलाय. 'गृहीत धरा', 'यादृच्छिक', 'नगण्य', 'संलग्न कोन', 'संगत कोन', 'व्युत्क्रम कोन'. संलग्न म्हणजे ॲडजेसंट. संगत म्हणजे कॉरस्पाँडिंग. यादृच्छिक म्हणजे रँडम, नगण्य म्हणजे नेग्लिजिबल. कल्पना डोक्यात आहे, तिला फक्त दुसरं नाव चिकटवायचंय. हे काम कोऱ्या पाटीवर शिकण्यापेक्षा पुष्कळ हलकं आहे.

त्यासाठी सगळ्यात उपयोगी साधन फुकट मिळतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात आहेत, मराठी माध्यमाचीही आणि इंग्रजी माध्यमाचीही. दहावीचं विज्ञान दोन्ही माध्यमांतलं उतरवून घ्यावं आणि एकच पाठ शेजारी-शेजारी ठेवून वाचावा. क्रम महत्त्वाचा. आधी मराठी परिच्छेद एकदा, नुसती उजळणी म्हणून. मग इंग्रजी परिच्छेद पेन्सिल हातात घेऊन, अडेल तिथं फक्त टिंब देत, न थांबता शेवटपर्यंत. मग टिंबाच्या शब्दाला मराठी परिच्छेदात जोडीदार शोधायचा. डिक्शनरी सगळ्यात शेवटी, तीही जोडीदार सापडला नाही तरच. एका बैठकीला दोन पानं बास. आशय आधीच माहीत असतो, त्यामुळे डोक्याचा सगळा जोर भाषेवर लागतो. दहावीचं पुस्तक जड जात असेल तर आठवीचं घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

इथं एक चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. इंग्रजी ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहायची सवय. जुनी पुस्तकं उघडली की पानं मुंग्या आल्यासारखी भरलेली दिसतात. मेहनत दिसते, पण उपयोग होत नाही. दुसऱ्यांदा वाचताना डोळा आपोआप वरच्या मराठीवर जातो आणि खालचा इंग्रजी शब्द आठवायची वेळच येत नाही. आठवण्याचा प्रयत्न झाला नाही तर शब्द बसत नाही. अर्थ लिहायचाच असेल तर पानाच्या तळाशी लिहावा, आणि तळाची पट्टी झाकून वाचावं.

वाचलेलं टिकवायला वहीपेक्षा पत्ते बरे. वहीत शब्द क्रमाने येतात, आणि 'ह्याच्यानंतर तो' असा क्रमच पाठ होतो. पत्त्यांसाठी विकतचं काही लागत नाही. लग्नसराई संपली की घराघरात पत्रिकांचा गठ्ठा पडून असतो. जाड कागद, एक बाजू बहुधा कोरी. ७ बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून पाच कप्पे करावेत. कप्प्यांची ही पद्धत जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकांपुढे आणली. तिच्या मागची गोष्ट आणखी जुनी. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली छापले, त्यात दिसलं की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत, पुढं विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लगेच, पुढच्या लांब-लांब.

पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरा दिवसांनी. पत्ता बरोबर आला तर पुढच्या कप्प्यात, चुकला तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. रोज ६ नवे शब्द धरले तर काही आठवड्यांनी रोज साधारण ३० पत्ते हातात येतात. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पंधरा मिनिटं, चुकलेल्यांसह वीस. आठवड्यातले दोन दिवस नवा पत्ता करायचाच नाही, नुसती उजळणी. हे दोन दिवस गाळले की महिन्याभरात पहिला कप्पा फुगतो, कंटाळा येतो आणि खोकं कपाटावर जातं. पहिल्या कप्प्यात ४० पत्ते साठले तर समजावं की घाई झाली. आठवडाभर नवे बंद.

पत्त्यावर काय लिहावं, यावर पुष्कळ काही ठरतं. एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला एक मराठी अर्थ, असा पत्ता फक्त ओळख शिकवतो. पुढच्या बाजूला पुस्तकातलंच एखादं वाक्य लिहावं, शब्दाच्या जागी पहिलं अक्षर आणि रेघ. खाली मराठी अर्थ. मागच्या बाजूला शब्द, त्याच्यासोबत येणारा छोटा शब्द, आणि त्याच्या कुळातले दोघं-तिघं. 'ॲडजेसंट'चा पत्ता करायचा तर पुढं: हिंगोली डिस्ट्रिक्ट इज 'ए'–रेघ–नांदेड डिस्ट्रिक्ट. मागं: 'ॲडजेसंट टू'. तो 'टू' पत्त्यावर नसेल तर उत्तरात 'ॲडजेसंट फ्रॉम'पासून 'ॲडजेसंट विथ'पर्यंत काहीही येतं. उत्तर मनात म्हणून भागत नाही, रफ कागदावर स्पेलिंगसकट लिहायचं.

उच्चार मोठ्याने करायचा. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, इंग्रजीत जोराची जागा चुकली की ऐकणारा अडखळतो. 'ॲनलाइझ'मध्ये जोर पहिल्या भागावर, 'ॲनॅलिसिस'मध्ये दुसऱ्यावर, 'ॲनॅलिटिकल'मध्ये तिसऱ्यावर. मोबाइलवरच्या लर्नर्स डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबलं की ऐकू येतं. जोराच्या भागाखाली पत्त्यावर रेघ मारावी.

शब्द फोडायची सवय लावली तर निम्मं पाठांतर वाचतं, आणि इथं मराठीचं व्याकरण थेट कामाला येतं. 'करण' लावून औद्योगिकीकरण होतं, तसं 'आयझेशन' लावून इंडस्ट्रियलायझेशन. वाचनीयमधला 'नीय' तसा रीडेबलमधला 'अबल'. चांगुलपणातला 'पणा' तसा गुडनेसमधला 'नेस'. नकाराचा 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो: इनकरेक्ट, पण इम्पॉसिबल, इल्लीगल, इरेग्युलर. मुलं याला चार वेगळे नियम समजून घोकतात. आपण 'संताप'मध्ये अनुस्वाराचा न् करतो आणि 'संपूर्ण'मध्ये म्, उत् आणि लंघन मिळून उल्लंघन करतो, तीच ही जिभेची सोय. व्यंजनसंधी शिकलेल्याला हे एका तासात समजतं.

फोडताना एक सावधगिरी. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचं नाही, ज्याची किंमत करता येणार नाही असं. आपला 'अमूल्य' तसाच. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं, कारण तिथला 'इन' नकाराचा नाहीच. टँकरवर हा शब्द असतो, त्यामुळे चुकीचा अर्थ लावणं धोक्याचंसुद्धा आहे.

जुनी नातीही उपयोगी पडतात. डॉक्टर व्हायला निघालेल्याला दंत–डेंटल, नासिका–नेझल, पाद–पेडल, अस्थि–ऑस्टिओ या जोड्या एकदा दाखवल्या की तो पुढच्या स्वतः शोधू लागतो. बैलांच्या मानेवरचं जू घ्या. संस्कृत 'युग', लॅटिनमध्ये त्याचंच भावंड, इंग्रजीत 'योक', आणि जोडणं या अर्थाने त्याच घराण्यातून जंक्शन, कन्जंक्शन, कॉन्जुगेट. परभणी जंक्शनवर गाडी बदलणाऱ्याला कन्जंक्टिव्हा म्हणजे पापणी आणि डोळ्याचा गोळा यांना जोडणारा पडदा, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. डोळे येतात तेव्हा तोच सुजतो, कन्जंक्टिव्हायटिस. फक्त दिसण्यावरून नातं जोडू नये, डिक्शनरीत व्युत्पत्ती पाहून घ्यावी.

मराठीत येऊन अर्थ बदललेले इंग्रजी शब्द मात्र सांभाळावे लागतात. गाडीचं ॲव्हरेज म्हणजे आपल्याकडे एका लिटरला किती किलोमीटर, स्टॅटिस्टिक्समध्ये सरासरी. सोल्यूशन म्हणजे पंक्चरच्या दुकानातली ट्यूब, गणितात उत्तर, केमिस्ट्रीत द्रावण. पॉवर चष्म्याचीही असते आणि घातांकही पॉवरच असतो. कल्चर म्हणजे संस्कृती, बायोलॉजीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. अशा शब्दांचे वेगळ्या रंगाच्या शाईने पत्ते करावेत, प्रत्येक अर्थाला एक.

एकसारखे दिसणारे किंवा उलट अर्थाचे शब्द एकाच दिवशी शिकू नयेत. मायटोसिस आणि मिओसिस, कॉन्केव्ह आणि कॉन्व्हेक्स, इन्हिबिट आणि एक्झिबिट. जोडीने शिकले की दोन्ही बसतात, पण कुठलं कोणतं हे कायमचं गोंधळतं. एक आधी पक्का करून दोन आठवड्यांनी दुसरा घ्यावा. याच कारणाने 'एका शब्दाचे दहा समानार्थी' असल्या याद्या नवख्याला फायद्याच्या नाहीत. व्हॉट्सॲपवर रोज फिरणारा 'आजचा शब्द'ही तसाच; बहुतेक वेळा तो इतका विरळ असतो की वर्षभरात एकदाही पुस्तकात भेटत नाही. ऑब्स्ट्रेपरस येण्याआधी 'व्हेअरॅज' यायला हवा.

छोटे शब्द अर्थ उलटा करतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. 'रिझल्ट इन'च्या पुढं परिणाम येतो, 'रिझल्ट फ्रॉम'च्या पुढं कारण. गारपिटीतून पिकाचं नुकसान झालं तर हेलस्टॉर्म रिझल्टेड इन क्रॉप लॉस, आणि क्रॉप लॉस रिझल्टेड फ्रॉम द हेलस्टॉर्म. ॲसर्शन–रीझनच्या, म्हणजे विधान आणि कारण दिलेल्या, प्रश्नात नेमकी ही दिशाच विचारलेली असते. 'ॲट लीस्ट टू' म्हणजे दोन किंवा जास्त, 'ॲट मोस्ट टू' म्हणजे दोन किंवा कमी. संभाव्यतेचं अख्खं गणित यावर फिरतं. 'एक्सेप्ट', 'इनकरेक्ट', 'नॉट' यांना प्रश्न वाचतानाच गोल करावा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही, तो आपल्या 'विषयी'मुळे घुसतो. उलट 'निष्कर्ष काढणं' जसंच्या तसं चालतं, इंग्रजीतही कन्क्लूजन 'ड्रॉ' करतात. 'लक्ष देणं' मात्र तिथं 'पे' होतं.

'रोज इंग्रजी पेपर वाच' हा सल्ला सगळेच देतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशोबानुसार बाहेरच्या मदतीशिवाय वर्तमानपत्र समजायला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी राहील इतकी. दहावी झालेल्याच्या हातात संपादकीय दिलं तर ओळीला दोन शब्द अडतात, आणि आठवड्यात पेपर रद्दीत जातो. कुठलाही मजकूर घेताना त्यातले १०० शब्द मोजावेत. दोनपर्यंत अडले तर तो निवांत वाचायचा, पाचपर्यंत अडले तर पेन्सिल घेऊन अभ्यासायचा, त्याहून जास्त अडले तर सध्या बाजूला ठेवायचा. तीन महिन्यांनी तोच मजकूर पुन्हा मोजावा.

अभ्यासिकेत एकट्याने बसण्यापेक्षा खोलीतल्या जोडीदारासोबत दहा मिनिटं जास्त देऊन जातात. एकाने मराठी व्याख्या म्हणायची, दुसऱ्याने ती इंग्रजीत सांगायची, अडलं की पत्ता काढायचा. पहिल्या दिवशी सुरुवातीच्या त्या दोरीपासूनच सुरू करावं. 'इनएक्स्टेन्सिबल'चे चार तुकडे पत्त्याच्या मागं लिहावेत: इन म्हणजे नाही, एक्स म्हणजे बाहेर, टेन्स म्हणजे ताणणं, इबल म्हणजे होण्याजोगं. त्यातला टेन्स हा टेन्शनच्या घरचा, आणि आपला 'ताण' संस्कृत 'तन्'मधून आलेला, त्याच जुन्या मुळाचा. दोरीतलाही टेन्शनच आणि परीक्षेचंही टेन्शनच, दोन्हीकडे ताण. त्याच पत्त्यावर एका कोपऱ्यात ४८ न्यूटन लिहून ठेवावं.